बोबडे बोल आणि ऐकणारे घर

गळिताचा हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्यांवरून उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. रस्त्याकडेच्या एखाद्या घराच्या ओट्यावर आजीच्या कडेवर बसलेले दीड वर्षाचे मूल बोट पुढे करते आणि म्हणते, "टॅटल!" आजी लगेच उत्तर देते, "हो रे सोन्या, ट्रॅक्टर! मोठ्ठा ट्रॅक्टर. ऊस घेऊन कारखान्याला चाललाय." मूल पुन्हा म्हणते, "टॅटल मोथ्था." हा सारा प्रसंग पाच-सहा सेकंदांचा, पण मूल भाषा कसे शिकते याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. विषय मुलाने काढला. आजीने त्याची चूक दाखवली नाही. त्याचाच शब्द नीट उच्चारून आणि त्याला चार शब्दांची जोड देऊन परत केला. मुलाने त्यातला एक शब्द उचलला. भाषा येते ती अशा हजारो लहानसहान देवाणघेवाणींतून.

मूल बोलू लागते वर्षाच्या आसपास, पण ऐकू लागते जन्माच्या आधीच. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या कानांवर आईचा आवाज पडत असतो आणि जन्मल्यानंतर इतर आवाजांपेक्षा तो आवाज ते ओळखते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे सहा-सात महिन्यांचे मूल जगातल्या बहुतेक भाषांमधील ध्वनींचा भेद करू शकते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडातील इंग्रजी भाषक घरांतल्या बाळांवर याचा प्रयोग केला आणि १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी हिंदीतील दंत्य आणि मूर्धन्य ध्वनींची जोडी घेतली होती. आपल्या 'ताट' या शब्दातले 'त' आणि 'ट' हेच ते ध्वनी. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा भेद ऐकताना अवघड जातो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळत होता; दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता जवळजवळ ओसरली होती. हिंदी घरांतली त्याच वयाची बाळे तो भेद सहज ओळखत होती. याचा अर्थ असा, की पहिल्या वाढदिवसापर्यंत कान घरच्या भाषेला जुळवून घेतात. जे ध्वनी घरात कामाचे, ते पक्के होतात; बाकीचे मागे पडतात.

तोंडाची तयारी कानाच्या मागून येते. दोन-तीन महिन्यांचे हुंकार, सहा-सात महिन्यांपासून 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड, वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांच्या आसपास 'बाबा गेला', 'मम नको' अशी दोन शब्दांची वाक्ये, असा हा क्रम असतो. ओठ मिटून काढायचे 'म', 'ब', 'प' हे ध्वनी सोपे. म्हणून ते आधी येतात. 'र' आणि 'ळ' यांना जिभेची बरीच कसरत लागते. म्हणून 'काका' आधी 'ताता' होतो आणि 'बाळ' कितीतरी दिवस 'बाल'च राहते. मराठी घरांनी ही अडचण कधीच ओळखलेली आहे. मम्मम, भुर्र, जोजो, गाईगाई, बाऊ, भूभू, हम्मा, चिऊ, काऊ ही बाळासाठीच राखून ठेवलेली शब्दसंपत्ती पाहा. बहुतेक शब्द दोन अक्षरांचे, पुनरुक्तीचे आणि तोंडाला सोपे. लाडिक, चढउताराच्या सुरात बोलण्याने मूल बिघडते, हा गैरसमज आहे. त्या सुरामुळे शब्दांच्या कडा बाळाला स्पष्ट ऐकू येतात. फक्त त्याने 'टॅटल' म्हटले म्हणून मोठ्यांनीही 'टॅटल'च म्हणत राहू नये, एवढे पथ्य पुरे.

दोन-अडीच वर्षांचे मूल चुका करू लागते, तेव्हा खरे तर त्याची प्रगती झालेली असते. 'केलं' ऐवजी 'करलं', 'घेतलं' ऐवजी 'घेलं' असे ते म्हणते. हे शब्द त्याने घरात कुणाकडूनही ऐकलेले नसतात. 'बसलं', 'उठलं', 'पडलं' ऐकून त्याने मनोमन एक नियम काढलेला असतो आणि तो सगळीकडे लावून पाहत असते. दिवसभर आईच्या किंवा आजीच्या संगतीत असणारा मुलगा 'मी येते' म्हणतो, त्याचे कारणही हेच. घरात हसू पिकते. पण त्या वाक्यामागे मराठीच्या लिंगव्यवस्थेशी चाललेली झटापट असते. अशा वेळी 'असं नाही म्हणायचं' असे दटावण्यापेक्षा 'अस्सं, तू येतोस का?' असे उत्तर अधिक कामाचे.

मग हे सारे शब्द मोबाइलवरच्या बडबडगीतांतून मिळाले तर काय बिघडले? अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याचे उत्तर दिले. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषक व्यक्तींनी बारा बैठकांमध्ये खेळत-बोलत वेळ घालवला, तेव्हा त्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता येऊ लागला. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून ऐकवले, तेव्हा बाळे काहीही शिकली नाहीत. आवाज तोच होता. उत्तर देणारे माणूस तेवढे नव्हते. मुलाने बोट दाखवले तर पडदा तिकडे पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांसाठी पडदा पूर्ण वर्ज्य सांगितला, तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना तो दाखवूच नये असे सुचवले. दूरदेशी असलेल्या बाबांशी व्हिडिओवर बोलणे याला अपवाद आहे. कारण तिथे पलीकडून उत्तर येते.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे उत्तर मिळण्याची संधी सर्व मुलांना सारखी नाही. औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करणाऱ्या कुटुंबांत आजी-आजोबा अनेकदा गावी राहिलेले असतात. परप्रांतातून आलेल्या घरांत आई-वडील एक भाषा बोलतात आणि शेजारपाजार मराठी. दोन भाषांमुळे मूल गोंधळते, असे सांगून अशा पालकांना घरची भाषा सोडायला लावले जाते. तो सल्ला चुकीचा आहे. मुले दोन भाषा एकाच वेळी पेलू शकतात. त्यांची सरमिसळ हा वाटेतला टप्पा असतो. मोडक्या मराठीपेक्षा आईच्या तोंडची समृद्ध भोजपुरी मुलाच्या अधिक हिताची.

सर्वांत अवघड स्थिती ऊसतोड कामगारांच्या मुलांची. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. आई-वडील पहाटेच फडावर जातात. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर असते. त्यातल्या बंजारा कुटुंबांची घरची भाषा गोरमाटी. माया कमी नसते, पण मुलाशी बोलायला मोठ्या माणसाकडे वेळ आणि त्राण उरत नाही. अशा वेळी अंगणवाडीत मिळणारे खाऊबरोबरचे चार शब्दही मोलाचे ठरतात.

मात्र घरात भरपूर बोलणे असूनही मूल बोलत नसेल, तर पहिली शंका कानांची घ्यावी. 'याचे वडीलही उशिराच बोलले', 'मुलगे उशिरा बोलतात', 'जीभ चिकटली असेल' ही उत्तरे घरोघरी तयार असतात. चिकटलेल्या जिभेने उच्चार अडू शकतात. मूल मुके राहत नाही. बहिरेपण मात्र सहज नजरेआड होते. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, हसते, हातवारे ओळखते. थाळी वाजवल्यावर दचकले म्हणून सर्व आवाज ऐकू येतात असे नाही. जन्मजात श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखून उपचार सुरू झालेल्या मुलांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा चांगली वाढते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असे सूत्र जगभर मानले जाते.

नवजात बाळाची श्रवणचाचणी वेदनारहित असते. बाळ झोपलेले असतानाही ती करता येते. ती राहून गेली असेल तर काही खुणांकडे लक्ष ठेवावे: नऊ-दहा महिन्यांपर्यंत बडबड नाही, वर्षाचे झाले तरी हाकेला वळत नाही वा बोट दाखवत नाही, सव्वा-दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांचे वाक्य नाही, किंवा आलेले शब्द हरवू लागले. यातली एकही खूण दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात. त्यात श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचाही समावेश आहे. अंगणवाडीसेविकेकडे ही शंका बोलून दाखवणे ही पहिली पायरी ठरू शकते. तपासणीत काही निघाले नाही, तर चिंता मिटते. निघाले, तर वाया जाणारे महिने वाचतात.

बाकीच्या बहुसंख्य घरांना शिकवणी, तक्ते किंवा महागडी खेळणी यांची गरज नाही. अंघोळ घालताना, भाकरी थापताना, चिऊकाऊची गोष्ट पन्नासाव्यांदा सांगताना मुलाशी बोलावे आणि आपले वाक्य संपल्यावर थोडे थांबावे. त्या शांततेत मूल आपला शब्द शोधत असते. तो कितीही बोबडा असला, तरी त्याला उत्तर मिळाले पाहिजे.