पोवळ्याच्या घरातला दिवा

बालमित्रांनो, पोवळं म्हटलं की तुम्हाला आजोबांच्या अंगठीतला लाल खडा आठवत असेल. दागिन्यांतलं हे प्रसिद्ध लाल पोवळं भूमध्य समुद्रात, खोल पाण्यात आणि अंधाऱ्या गुहांत वाढतं. त्याला उजेडाची गरज नसते. पण समुद्रात मोठमोठे खडक रचणारी त्याची भावंडं मात्र उजेडाशिवाय जगू शकत नाहीत. असं का बरं?

पोवळं, म्हणजेच प्रवाळ, हा प्राणी आहे. खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवालं राहतात. नखाएवढ्या जागेत लाखो! ही शैवालं सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. भाडेकरूने घरमालकाला रोज जेवू घालावं, तसाच हा प्रकार. आहे की नाही गंमत?

म्हणूनच घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवायचं, तर टाकीवरचा दिवा ही त्याची चूल ठरते. ती विझली, की प्रवाळ उपाशी. इंडोनेशियातल्या जाकार्ता शहरात राहणारे ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये आपल्या टाक्यांची माहिती एका मासिकात दिली. जाकार्ता विषुववृत्ताजवळ, त्यामुळे तिथे सूर्य भरपूर. पण बर्लिनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. तिथल्या हौशी लोकांना दिव्यांचाच आधार घ्यावा लागला.

मग दिवा निवडायचा कसा? तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट रंग. समुद्राचं पाणी लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा रंग सर्वांत खोल पोचतो. प्रवाळातली शैवालं या निळ्या उजेडाचा चांगला उपयोग करून घेतात. दिव्याच्या रंगाची छटा केल्विन या एककात सांगतात. आपल्या घरातली पांढरीशुभ्र ट्यूब साधारण ६,५०० केल्विनची असते. प्रवाळांसाठी १०,००० ते २०,००० केल्विनचे निळसर दिवे वापरतात.

दुसरी गोष्ट तीव्रता. इथे आपले डोळे फसवतात. आपल्याला लख्ख वाटणारा उजेड शैवालांना अपुरा पडू शकतो. किती वॅटचा दिवा, हे पाहूनही नेमका अंदाज येत नाही. म्हणून वनस्पतींच्या उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं वेगळं यंत्र वापरतात. भर दुपारी उघड्यावर त्याचा आकडा २,००० च्या आसपास जातो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो. फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ४०० लागतो. म्हणून मऊ प्रवाळ टाकीच्या तळाशी, तर कठीण प्रवाळ वर, दिव्याजवळ ठेवतात.

तिसरी गोष्ट उष्णता. पूर्वी वापरले जाणारे मेटल हॅलाइड दिवे प्रखर होते, पण पाणी तापवायचे. मग पाणी गार करायला आणखी एक यंत्र! फ्लुओरेसंट नळ्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरे, पण वर्षभरात तो मंदावे आणि नळ्या बदलाव्या लागत. आता बहुतेक जण एलईडी वापरतात. विजेची बचत होते आणि रंग नि तीव्रता दोन्ही कमीजास्त करता येतात.

पण जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, असं मात्र नाही हं! दिवा रोज आठ ते दहा तास पुरे. नवा दिवा आधी मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. एकदम प्रखर उजेड पडला किंवा पाणी फार तापलं, तर प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर काढून टाकतं आणि पांढरंफटक पडतं. लवकर सावरलं नाही, तर ते मरतं. समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपची प्रवाळं १९९८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अशीच पांढरी पडली होती. टाकीतला दिवा आपण मंद करू शकतो. समुद्राला तशी कळ नसते.

आणि हो, हे वाचून टाकी आणायला धावू नका. आपल्या देशात खडक रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. समुद्रातून ती काढणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे. मग उजेडाची ही किमया कशी पाहायची?

करून पाहा: काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चिमूटभर खायचा सोडा विरघळवा. हायड्रिला या पाणवनस्पतीची ताजी फांदी कापून, कापलेलं टोक वर राहील अशी त्यात बुडवा. मोठ्यांच्या मदतीने टेबललॅम्प एक वीत अंतरावर ठेवा. दिव्याला पाणी लागू देऊ नका. पाच मिनिटांनी फांदीतून मिनिटाला किती बुडबुडे येतात, ते मोजा. मग दिवा दोन विती दूर न्या. आता उजेड साधारण चौथाई होतो. थोडं थांबा आणि बुडबुडे पुन्हा मोजा. फरक वहीत लिहून ठेवा.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात खरीखुरी प्रवाळं आहेत. सुटीत आईबाबांबरोबर तिथे गेलात, तर पाण्यात डोकावून ती जरूर पाहा. मात्र त्यांच्यावर पाय ठेवू नका आणि तुकडा घरी आणू नका. त्यांची चूल सूर्य रोज पेटवतोच आहे!