व्यसनोपचार व सुरक्षा-पात्रता
संरक्षण, विमानतळ, बंदर अथवा गोपनीय कागदपत्रे यांच्याशी निगडित कामावर नेमण्यापूर्वी व्यक्तीची विश्वासार्हता पडताळतात. तीत पूर्वीचे व्यसन व त्यावरील उपचार यांना किती महत्त्व द्यावयाचे, हा प्रश्न नाजूक आहे. उपचाराची नोंदच नोकरीच्या आड येईल या भीतीने रुग्ण उपचार टाळतो. आणि उपचार न घेतलेला व्यसनी सुरक्षेच्या दृष्टीने अधिक धोक्याचा ठरतो.

अमेरिकेत २०१७ पासून यासाठी तेरा लिखित निकष आहेत. पूर्ण केलेला उपचारक्रम, तज्ज्ञाचे अनुकूल मत आणि टिकलेली व्यसनमुक्ती या बाबी तेथे उमेदवाराच्या बाजूने धरतात.

भारतात ही पडताळणी मुख्यतः पोलिसांकडील नोंदींवर चालते. मालवण तालुक्यातील देवबाग हे कर्ली खाडी व अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावरील गाव. खाडीपलीकडील परुळे-चिपी येथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला. विमानतळाच्या प्रतिबंधित भागात काम करण्यास प्रवेशपत्र लागते व ते देण्यापूर्वी पूर्ववृत्त तपासतात. देवबागच्या एखाद्या तरुणावर पूर्वी अल्प प्रमाणातील अमली पदार्थांबाबत गुन्हा नोंदला गेला असेल, तर त्याचा प्रश्न येथे उभा राहतो.

अशा प्रसंगी १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमातील दोन कलमे महत्त्वाची ठरतात. कलम ६४-क नुसार स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी आरोपीस खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. कलम ३९ अन्वये दोषी ठरलेल्या व्यसनीसही न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. मात्र खटला टळला, म्हणून पूर्वीची अटक वा गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही. साक्षांकन-पत्रात तिच्याविषयी विचारणा असल्यास खरे उत्तर देणे भाग असते. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडविण्याच्या परिणामांची तत्त्वे सांगितली. क्षुल्लक प्रकरणातील लपवाछपवी नियोक्ता माफ करू शकतो. तसेच खरी माहिती दिल्यावरही पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा त्याचा अधिकार अबाधित राहतो. उपचाराचा पुरावा उपयोगी पडतो तो या विचाराच्या वेळी.

विमानोड्डाणाच्या सुरक्षिततेसंबंधीचे नियम याहून स्पष्ट आहेत. अमली पदार्थांच्या चाचणीत वैमानिक वा हवाई वाहतूक नियंत्रक प्रथमच दोषी आढळल्यास त्यास व्यसनमुक्तीसाठी पाठवितात आणि चाचणी निर्दोष ठरून तंदुरुस्तीचा दाखला मिळाल्यावर कामावर घेतात.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार येतात आणि उपचाराची माहिती, काही अपवाद वगळता, गोपनीय राहते. त्यामुळे अनुकूल दाखला सादर करावयाचा, तर बहुधा उमेदवारालाच पुढाकार घ्यावा लागतो.