विश्लेषण : ‘शीव’ म्हणता की ‘सायन’? आपला-परका ओळखण्याची खूण कशी ठरते?

मध्य रेल्वेच्या एकाच स्थानकाला कोणी शीव म्हणतं, कोणी सायन. तेवढ्यावरून ऐकणारा समोरच्याची भाषा आणि गावही ठरवून टाकतो. घर किंवा नोकरी देताना हाच अंदाज निर्णायक ठरला तर?

शीव म्हणजे काय?
शीव म्हणजे हद्द. इथे मुंबई बेट संपायचं, खाडीपलीकडे साष्टी. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ दरम्यान टेकडीवर किल्ला बांधला, तेव्हा साष्टी पोर्तुगीजांकडे होती. १७३९ पर्यंत ती मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली. पलीकडचा परका आधी पोर्तुगीज, मग मराठा. नंतर हद्दच नावापुरती उरली.

उच्चारावरून पारख किती जुनी?
बायबलमधल्या एका कथेत नदी ओलांडणाऱ्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. ‘श’चा ‘स’ झाला की तो शत्रू. त्या लढाईत ४२ हजार जण मारले गेल्याचं कथा सांगते.

मुंबईत काय घडलं?
१९६० च्या दशकात ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. रोख मुख्यतः दाक्षिणात्यांवर होता. त्यांची मोठी वस्ती शीव-माटुंग्यात. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. पुढे रोख उत्तर भारतीयांकडे वळला. मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न खरा होता, पण मोजली गेली ती आडनावं. आज मांसाहाराच्या कारणावरून मराठी माणसालाच मुंबईत घर नाकारल्याच्या तक्रारी येतात. खूण बदलली, रीत तीच.

मन असं का वागतं?
मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७१ मध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात मुलांना सांगितलं, चित्रांच्या आवडीवरून तुमचे दोन गट केलेत. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी होती. आपल्या गटात कोण, हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. म्हणजे ‘आपण’ तयार व्हायला जुनं वैर लागत नाही.

मग खूण पक्की असते का?
नाही. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात पंजाबी, सिंधी निर्वासित वसले. तिथल्या पंजाबी खाणावळींमुळे तळलेली कोळंबी ‘कोळीवाडा’ नावाने देशभर गेली. आज तो पदार्थ अस्सल मुंबईचा मानला जातो. कोणाच्या हातचा, हे कोणी विचारत नाही. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न ओळखीसाठी विचारला तर गप्पा सुरू होतात, चाळणी म्हणून वापरला तर दार बंद होतं.