अंतराळात पाणी कोण भरतं?

खरं सांगा, 'डार्क' तुम्हाला पूर्ण कळलीये? कोण कुणाचा बाप, कोण कुणाची मुलगी, हे हातात कागद-पेन न घेता सांगता येईल? मला नाही येत. हॉस्टेलला आले त्या पहिल्या वर्षी मी दोन महिने कळल्याचं नाटक केलं. कँटीनमध्ये कुणी विषय काढला की "टाइमलाइन काय भारी बांधलीये ना!" एवढं एकच वाक्य टाकायचे आणि चहाचा कप तोंडाला लावायचे. हे वाक्य कधी चुकत नाही. कारण टाइमलाइन खरंच भारी बांधलीये. 33 वर्षांचं चक्र, 2019मधून 1986मध्ये, तिथून 1953मध्ये, आणि तीन सीझन संपेपर्यंत एक टाका उसवत नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. मला त्या विंडेन गावातल्या कुणाचंच काही वाटलं नाही. सगळे पावसात उभे, सगळे गंभीर, सगळ्यांना सतत काहीतरी भयंकर कळतंय. अहो, पण त्या घरांत स्वयंपाक कोण करतंय? अणुभट्टीच्या गावात भट्टीतले कामगार कुठे आहेत? अणुकचऱ्याची ती लपवलेली पिंपं दिसली, तेव्हा वाटलं आता मालिका जमिनीवर येणार. तर ती पिंपंसुद्धा शेवटी कोड्याचाच एक तुकडा झाली.

सायन्स फिक्शन मालिका बघताना माझी एक कसोटी असते, आणि ती साधी आहे. या जगात पाणी कोण भरतं? हे मालिकेला माहीत असेल तर मी तिचे बाकीचे गुन्हे माफ करते. माहीत नसेल तर ग्राफिक्स कितीही चकाचक असोत, तिसऱ्या भागाला मला झोप येते.

ही कसोटी कुठून आली ते सांगते. मी लातूरची. 2016 साली मी आठवीत होते. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं आणि नळाला पाणी येणं बंद झालं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, कारण भांडणं व्हायची भीती होती. कलम 144 हा शब्द मी नागरिकशास्त्रात शिकण्याआधी गल्लीत शिकले. मग एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. सुमारे 340 किलोमीटरवरून. ती बघायला स्टेशनवर गर्दी, कॅमेरे, घोषणा. माझा दादा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्याने बातम्यांत बघितलं. मी मात्र रिकाम्या घागरींच्या रांगेत होते. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, त्याची वेळ नक्की नसायची, त्यामुळे एकजण घरी थांबणं भाग होतं. ती एकजण म्हणजे मी किंवा आई. बाबा आणि दादा कधीच नाहीत. याबद्दल घरात कुणी काही ठरवलं नव्हतं हं, ते आपोआपच ठरलेलं होतं.

आता 'द एक्सपान्स'कडे या. प्राइम व्हिडिओवर आहे. मालिका बरीचशी सुरू होते ती एका बर्फ वाहणाऱ्या जहाजावर. जहाजाचं नाव कँटरबरी. काम काय, तर शनीच्या कड्यांमधला बर्फ तोडायचा आणि सीरिस नावाच्या लघुग्रहावर राहणाऱ्या माणसांसाठी पाणी म्हणून न्यायचा. जहाज जुनाट, कामगार वैतागलेले. एकाचा हात कामात तुटतो तर तो कसला लागणार, कुठला परवडणार याची चर्चा. मी लॅपटॉप थांबवला. माझी रूममेट पलीकडच्या कॉटवर सबमिशन लिहीत होती. तिला म्हटलं, "अगं, हे बघ. मिरज-लातूर."

थोडक्यात सांगायचं तर या मालिकेत माणूस सूर्यमालेत पसरलाय. पृथ्वी आहे, स्वतंत्र झालेला मंगळ आहे, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारे 'बेल्टर' आहेत. पृथ्वी आणि मंगळाची कारखानदारी बेल्टरांच्या खाणींवर चालते. बेल्टरांना मात्र श्वासाला हवा मोजून आणि पाणी रेशनने. पहिल्याच भागात सीरिसवरचा मिलर नावाचा डिटेक्टिव्ह एका व्यापाऱ्याकडून लाच घेतो. हवेचे फिल्टर खराब आहेत, तिकडे काणाडोळा करायचा म्हणून. वस्तीतली मुलं खोकतायत. मग मिलरचंच डोकं फिरतं आणि तो त्या व्यापाऱ्याला एअरलॉकमध्ये कोंबून त्याला हवेची किंमत समजावतो. एलियन दिसायच्या आधी, लेझर सुटायच्या आधी, फिल्टरवरून मारामारी! तिथेच मी विकले गेले.

आणि विज्ञान? तेही इथे फुकट नाही. या जहाजांत कुणी बटण दाबलं की गुरुत्वाकर्षण चालू होत नाही. जहाज एखाद्या टॉवरसारखं बांधलेलं असतं, मजल्यावर मजला आणि तळाला इंजिन. इंजिन ढकलतं तेव्हा पायाखालची जमीन वर येते आणि ते ढकलणंच वजन म्हणून जाणवतं. लिफ्ट वर निघताना पोटात होतं ना, तसं, पण सतत. अर्धा रस्ता झाला की जहाज उलटं फिरवायचं आणि उरलेला अर्धा रस्ता ब्रेक लावत जायचं. वेग फार वाढवला तर शरीर चिरडतं, म्हणून खुर्चीतून औषध टोचतात, तरी धोका असतोच. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या बेल्टरांची हाडं कमकुवत असतात. पहिल्याच भागात पृथ्वीवर एका बेल्टर कैद्याला नुसतं टांगून ठेवतात, आणि पृथ्वीचं ओझं हीच त्याला शिक्षा होते. चाबूक नको, विजेचे झटके नकोत. तिथे उभी असलेली बाई कोण? साडीतली आजी, संयुक्त राष्ट्रांतली बडी अधिकारी, क्रिसजेन अवासराला. नातवाशी खेळून आलेली असते. शोहरे आगदाश्लू या इराणी-अमेरिकन अभिनेत्रीने ही बाई अशी काही उभी केलीये की तुम्हाला तिची भीतीही वाटते आणि ती आपल्या बाजूने असावी असंही वाटतं. भारतीय वळणाचं पात्र परदेशी मालिकेत दिसलं की आपण उगाच सुखावतो. इथे सुखावायच्या आतच ती एका माणसाला हुकाला टांगते.

तर मी खोलीत भाषण सुरू केलं. "आम्ही बेल्टर. लातूर म्हणजे सीरिस. आम्हाला पाणी दुसऱ्याने आणून द्यायचं, आम्ही हात जोडायचे."

रूममेटने पेन खाली ठेवलं. ती जत तालुक्यातली. जत सांगली जिल्ह्यात. मिरजही सांगली जिल्ह्यातच.

"तुमच्याकडं रेल्वे तरी आली की गं," ती म्हणाली. "पेपरात फोटो, टीव्हीवर बातमी. आमच्यात टँकर यायचा, तो पण कुणाच्या दारात थांबतोय त्यावर ठरायचं कुणाला किती. मिरज आमच्याच जिल्ह्यात, पण तिथनं आमच्यात कुठली गाडी आली नाही. तू कसली बेल्टर?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचत नाही. लातूर शहर मोठं, क्लासेसचं, पेपरात छापून येणारं. माझ्याच मावशीच्या गावात, लातूरपासून तासाभरावर, त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते मी कधी विचारलंही नव्हतं. घागरीच्या रांगेत उभी होते म्हणून मला वाटत राहिलं की रांगेचं शेवटचं टोक मीच.

(पुढच्या परिच्छेदात शेवटच्या सीझनचा स्पॉयलर आहे. नको असेल तर उडी मारा.)

'द एक्सपान्स' मला इतर मालिकांपेक्षा मोठी वाटते ती इथे. ती बेल्टरांना बिचारे करून सोडून देत नाही. मार्को इनारोस नावाचा त्यांचाच नेता उभा राहतो, देखणा, बोलघेवडा, अन्यायाची प्रत्येक ओळ पाठ असलेला. सहाव्या सीझनमध्ये पृथ्वीचं आरमार सीरिसकडे येतंय म्हटल्यावर तो तिथली सगळी रसद काढून घेतो आणि निघून जातो. मागे राहतात लाखो बेल्टर, त्याचेच लोक. त्यांना जगवायचं ओझं शत्रूच्या गळ्यात. आमच्या बर्फाच्या जहाजापासून मालिका इथवर आली तेव्हा मी आणि रूममेट दोघीही गप्प बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "हा आमच्यातला दिसतोय." नाव मी इथे लिहीत नाही.

दोष? आहेत की. पहिले चार भाग संथ आहेत. कोण कुठल्या बाजूचा हे कळेपर्यंत तुम्ही दोनदा फोन हातात घ्याल. चौथा सीझन एकाच ग्रहावर रुतून बसतो. शेवटचा सीझन सहाच भागांचा, आणि त्यात परक्या ग्रहावरच्या एका लहान मुलीची गोष्ट सुरू करून तशीच सोडलीये. तरी तीन सीझननंतर 2018 साली मूळ चॅनेलने ही मालिका बंद केली, तेव्हा चाहत्यांनी ॲमेझॉनच्या ऑफिसवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं होतं. वेडेपणाच. पण 62 भाग पूर्ण झाले ते ॲमेझॉनने ती उचलली म्हणून. हिशेब करा, साधारण 46 तास. एका सेमिस्टरमध्ये रीळं सरकवण्यात यापेक्षा जास्त जातात आपले.

एकदा ही कसोटी हातात आली की बाकीच्या मालिका भराभर वेगळ्या पडतात. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या (2004ची, जुनी नाही) पहिल्या सीझनच्या दुसऱ्याच भागाचं नाव 'वॉटर' आहे. पळत असलेल्या ताफ्यातल्या पाण्याच्या टाक्या फुटतात आणि सगळी युद्धनीती बाजूला पडते. पुढे इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावरचे कामगार संप करतात, तो भागही बघा. या मालिकेचा शेवट मला अजिबात पटला नाही. ज्या लोकांनी हिशेबाच्या फळ्यावर एकेक जिवंत माणूस मोजला, ते शेवटी तसं वागतील? पण टाक्या फुटलेल्या त्या भागासाठी मी तो शेवटही पचवला.

'सेव्हरन्स'मध्ये तर पाणी भरणारा माणूस तुमच्याच आत असतो. मेंदूत चिप बसवली की ऑफिसमधल्या 'तुम्हाला' बाहेरचं काही आठवत नाही आणि बाहेरच्याला ऑफिसचं. आतल्याने लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की पुढच्याच क्षणी तो पुन्हा कामावर हजर. झोप, रविवार, घर, सगळं दुसऱ्याच्या वाट्याला. मला यातल्या बकऱ्या आणि गूढ आकडे यांत रस नाही. मला आठवतात त्या आमच्या मेसमधल्या काकू, ज्यांचं घर कुठे आहे हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नाही.

'ब्लॅक मिरर'चं मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. सगळे त्यातल्या रेटिंगवाल्या 'नोजडाइव्ह'बद्दल बोलतात. मला तो भाग भाषणबाज वाटतो, पहिल्या पाच मिनिटांत कळतं काय सांगायचंय ते. त्याऐवजी 2011चा 'फिफ्टीन मिलियन मेरिट्स' बघा. त्यात माणसं दिवसभर सायकली मारून गुण कमावतात आणि जाहिरात बघायची नसेल तर त्यासाठीही गुण मोजावे लागतात. आणि त्या सायकलवाल्यांनाही खाली बघायला कुणीतरी असतं, पिवळ्या कपड्यांतले झाडूवाले. सायकलवाले त्यांना हसतात. माझ्या लातूरच्या भाषणाचा हाच तर घोळ होता.

आपल्याकडची 'लैला' (2019, नेटफ्लिक्स) पाणीटंचाईचं जग उभं करते म्हणून मी फार आशेने बसले. पहिला भाग हादरवतो. पुढे टंचाई मागे पडते आणि सहा भाग असूनही लांबल्यासारखे वाटतात. वाईट वाटलं, कारण टँकरच्या रांगेवरची मालिका आपल्याइतकी कुणाला जमली असती?

सध्या खोलीत 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' चालू आहे. रूममेटची निवड. मुळात 'स्टार ट्रेक' माझ्या कसोटीत सपशेल नापास. 1966च्या मूळ मालिकेत दर आठवड्याला जहाज उतरवून दाखवणं बजेटमध्ये बसत नव्हतं म्हणून माणसं विरघळवून खाली पाठवायची युक्ती निघाली. ते ठीक. पण पुढच्या मालिकांमध्ये भिंतीतल्या यंत्राला सांगितलं की चहा, जेवण, पाणी, सगळं हजर! कॅप्टन पिकार्ड 'अर्ल ग्रे, हॉट' म्हणतो आणि कप येतो. 'डीप स्पेस नाइन'मध्ये निदान एक बार आहे, तिथे पेले भरणारी माणसं आहेत, आणि त्यातला रॉम स्वतःच्या मालक भावाविरुद्ध युनियन काढतो. तो भाग आम्ही दोनदा बघितला.

काल रात्री मी विचारलं, "पिकार्डचा तो कप नंतर कोण धुतं?"

"कुणी नाही," रूममेट म्हणाली. "परत त्याच यंत्रात ठेवला की विरघळून जातो."

"आणि यंत्र कोण पुसतं?"

"ते तू पूस. आज कूलरचा कॅन भरायची पाळी पण तुझीच आहे."