एकच बिबट्या दोनदा मोजला तर?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांचा नवा आकडा जाहीर झाला की बोरिवली-मुलुंडकडच्या वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: आज येऊरला दिसलेला बिबट्या उद्या आरेत दिसला, तर त्याला दोनदा मोजलं नाही कशावरून? प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. आपल्याकडच्या वाघ-बिबट्यांच्या मोजणीत कित्येक वर्षं जो घोळ झाला, तो याच प्रश्नाला पक्कं उत्तर नसल्यामुळे.

ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये पाउलखुणांवरून वाघ मोजायची पद्धत आणली. काचेवर ठसा गिरवायचा आणि त्यावरून जनावर ओळखायचं. पण ओल्या मातीत उमटलेला ठसा वेगळा आणि भुसभुशीत धुळीतला वेगळा. एकाच वाघाचे दोन वाघ होत, दोघांचा एक होई. 2004-05 मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तोवर कागदावर मात्र वाघ होते! त्यानंतर ही पद्धत मागे पडली. आपल्याकडची बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची प्रगणनाही याच जातीची. मचाणावर रात्र काढणं हा अपूर्व अनुभव आहे, तो जरूर घ्यावा. पण त्यातून येणाऱ्या आकड्याला मोजणी म्हणू नये.

उत्तर बिबट्याच्या अंगावरच होतं. त्याच्या कातडीवरचे गुलाबपाकळ्यांसारखे ठिपके कोणत्याही दोन बिबट्यांत सारखे नसतात. इतकंच काय, एकाच बिबट्याची डावी आणि उजवी कूसही वेगवेगळी असते. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशींचे फोटो एकदम निघतात. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघांच्या पट्ट्यांवरून ही पद्धत वापरली. त्यांचा 1995 चा शोधनिबंध म्हणजे भारतीय वन्यजीवशास्त्रातलं एक वळण आहे. वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. फोटो जुळले, तर येऊरचा आणि आरेचा बिबट्या एकच.

पण जो कॅमेऱ्यासमोर आलाच नाही, त्याचं काय? या विषयातला मला सर्वांत लोभस वाटणारा भाग हाच. समजा, बोरिवलीच्या एका फलाटावर तुम्ही सकाळी 50 नेहमीच्या प्रवाशांचे चेहरे टिपून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा 50 टिपले आणि त्यांत कालचे 10 निघाले. म्हणजे कालचे 50 हा एकूण प्रवाशांचा साधारण पाचवा हिस्सा. एकूण प्रवासी अडीचशेच्या आसपास. जे दिसलेच नाहीत, तेही हिशेबात आले! फ्रेंच गणिती लाप्लास यांनी जवळपास याच युक्तीने 1802 मध्ये फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. पुढे डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांनी ती माशांना लावली आणि अमेरिकेतल्या लिंकन यांनी बदकांना.

नेहमीचा प्रवासी फलाटावर कुठेही उभा राहत नाही, हे लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. त्याचा डबा ठरलेला, दरवाजा ठरलेला. तुम्ही जिन्यापाशी उभे राहिलात, तर फलाटाच्या टोकाला उभा राहणारा वर्षभरात तुमच्या दृष्टीस पडणार नाही. बिबट्याचंही तसंच, त्याचा इलाका ठरलेला असतो. तेव्हा कोण दिसला याबरोबर कुठे दिसला हेही गणितात यायला हवं. ते आणलं न्यूझीलंडच्या मरे एफर्ड यांनी, 2004 मध्ये. आज जगभरातल्या वाघ-बिबट्यांच्या अंदाजामागे त्यांचं गणित असतं, आणि बातमीत त्यांचं नाव कधीच नसतं.

संजय गांधी उद्यानात हे काम वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनविभागाबरोबर केलं. 2015 मध्ये 35 वेगवेगळे बिबटे कॅमेऱ्यात आले, 2018 मध्ये 47. लगेच मथळे आले, ‘बिबटे वाढले’. पण टिपलेल्या बिबट्यांची संख्या कॅमेरे किती, रात्री किती आणि परिसर केवढा यांवर हलते. तुलना करायची ती घनतेची. 2018 ची घनता 100 चौरस किलोमीटरला सुमारे 26 होती, आणि ती थक्क करणारी आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांना अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात तेवढ्याच जागेत पाचेक बिबटे आढळले होते.

आणखी एक आकडा फार फिरतो: मुंबईचे बिबटे भटके कुत्रे खाऊन, म्हणजे कुत्र्यांचे चावे टाळून, वर्षाला 90 माणसांचे जीव वाचवतात. 2018 च्या एका शोधनिबंधातला तो अंदाज आहे. त्यात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सुमारे 40 टक्के धरला होता. सुर्वे यांनी विष्ठेच्या अभ्यासातून काढलेला वाटा पाव हिस्स्याच्या आसपास होता. एवढ्या एका बदलाने 90 चे साठही राहत नाहीत. बिबट्याची बाजू मला मनापासून घ्यायची आहे, म्हणूनच ती असल्या आकड्यावर उभी करू नये असं वाटतं.

पुन्हा मोजणीकडे वळू. ज्यांच्या अंगावर ठिपकेही नाहीत, त्यांच्या अभ्यासकांचे हाल विचारू नका. अमेरिकेतली ग्रिझली अस्वलं एकासारखी एक. केट केन्डल यांनी 2004 मध्ये मोंटानाच्या डोंगरांत वासाची आमिषं ठेवून भोवती काटेरी तारा लावल्या, तारांत अडकलेल्या केसांच्या डीएनएवरून अस्वलं ओळखली आणि 765 हा अंदाज काढला. त्याआधी, 1961 मध्ये, फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी यलोस्टोनमध्ये एका मादीच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. अस्वल कुठे जातं, कुठे झोपतं, हे त्यानंतर कळू लागलं.

आणि जनावर कुठे जातं हे कळणं, खरी गरज तीच असते. फेब्रुवारी 2001 पासून जुन्नरच्या शेतांतून 29 बिबटे पकडून सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. डोक्यांची बेरीज तीच राहिली. पण माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 झाले आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 वर गेलं. इलाका हिरावलेलं जनावर अनोळखी मुलखात आपली वाट शोधत फिरतं. हे आकडे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मांडले. पकडलेल्या बिबट्यांच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी, ओळख पटवणारी चिप बसवायलाही त्यांनी सुरुवात केली. जंगलातल्या कॅमेऱ्याचं कौतुक सगळे करतात, या दाण्याचं कोणी करत नाही.

2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका पोक्त नराला चिप आणि कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं आजोबा. मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याचे रूळ, तुंगारेश्वर आणि वसईची खाडी ओलांडत तो महिनाभरात सुमारे 120 किलोमीटर चालून राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. चिप वाचली, तेव्हा तो आजोबा निघाला.

2021 मध्ये उद्यानातल्याच बिबट्यांना कॉलर लावायला सुरुवात झाली. सावित्री आणि महाराजा हे पहिले. तुंगारेश्वर आणि आपलं उद्यान यांच्यामध्ये आज खाडी, महामार्ग आणि रेल्वे आहे. प्राण्यांसाठी भुयारी वाट नेमकी कुठे खणायची, हे 47 या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी आजोबासारखा एखादा रस्त्याच्या कडेला कोणत्या ठिकाणी, रात्री किती वाजता, किती वेळ थांबला, याच नोंदी लागतात.