बरे झाल्यानंतरची भीती

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, केमोथेरपीच्या ठरलेल्या फेऱ्या संपतात, रेडिएशनचा शेवटचा दिवसही पार पडतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. ‘सुटलीस एकदाची’ असे म्हणत थोरल्या जाऊबाई पाठीवरून हात फिरवतात. नवऱ्याची रजा संपते, मुले पुन्हा शाळेचा डबा मागू लागतात, शेजारच्या काकूंकडून येणारी पेज थांबते. सगळ्यांच्या लेखी आजार संपलेला असतो. नेमकी त्याच सुमारास त्या स्त्रीची झोप उडते. पाठ दुखली तरी ‘हाडात तर उतरला नसेल ना’ अशी शंका येते. आंघोळ करताना हात नकळत चाचपत राहतो. तपासणीची तारीख जवळ आली की आठ-दहा दिवस आधीपासून घास गिळवत नाही. हे कोणाला सांगावे, तर उत्तर ठरलेले असते : ‘आता कशाला तो विषय? चांगले विचार कर.’

उपचार चालू असताना मनाला काही काम असते. पुढची तारीख, रक्तातील पांढऱ्या पेशींचा आकडा, विम्याचे कागद, गळणारे केस. या साऱ्या धावपळीत भीतीला बसायला जागा मिळत नाही. रुग्णालयाच्या वाऱ्या थांबल्या की ती सवडीने येऊन बसते. शिवाय संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींसाठी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षे रोज घ्यावी लागते. म्हणजे आजाराची आठवण रोज पाण्याच्या घोटाबरोबर पोटात जाते.

आपल्या देशात या अनुभवातून जाणाऱ्या स्त्रियांची संख्या लहान नाही. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रिया आढळल्या. त्यांपैकी लवकर निदान होणाऱ्या अनेक जणी पुढे कित्येक वर्षे जगतात. त्या कशा जगतात, हा प्रश्न मात्र रुग्णालयाच्या कागदपत्रांत सहसा विचारला जात नाही.

भीती खोटी नाही, हीच अडचण

मानसोपचाराची एक रुळलेली पद्धत अशी, की मनात आलेल्या विचाराची पुराव्याच्या आधारे उलटतपासणी करायची. ‘मी परीक्षेत नक्की नापास होणार’ असे म्हणणाऱ्या मुलाला आजवरचे निकाल दाखवून त्याचा विचार अतिरेकी आहे हे पटवता येते. परंतु ‘माझा आजार उलटेल का?’ असे विचारणाऱ्या स्त्रीला ‘नाही’ असे उत्तर प्रामाणिकपणे कोणीही देऊ शकत नाही. संप्रेरकांशी निगडित प्रकारात तर पाच वर्षांच्या उपचारानंतरही, अगदी पुढील पंधरा वर्षांपर्यंत, आजार परतण्याची शक्यता पूर्णपणे मावळत नाही, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून स्पष्ट झाले. पहिल्या गाठीचा आकार आणि काखेतील ग्रंथींपर्यंत झालेला प्रसार यांवर ती शक्यता कमी-अधिक असते. पण शून्य नसते. तेव्हा ही भीती भ्रम नव्हे. तिच्याशी वाद घालून ती हरत नाही.

मग स्त्रिया काय करतात? काही जणी सतत खात्री करून घेतात. महिन्यातून तीनदा डॉक्टरांना फोन, आपणहून पेट स्कॅनची मागणी, एका डॉक्टरांनी नको म्हटले की दुसऱ्यांकडे. वास्तविक कोणतेही लक्षण नसताना वरचेवर असे स्कॅन करण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे करीत नाहीत. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी एवढे सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते. स्कॅन चांगला आला की मिळणारा दिलासा चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी शंका पुन्हा दार ठोठावते. दुसऱ्या काही जणी अगदी उलट वागतात. त्या तपासणीलाच जात नाहीत, आरशासमोर कपडे बदलत नाहीत, वर्तमानपत्रातले असले लेख उलटून टाकतात. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. प्रत्यक्षात दोघींची धडपड एकच असते, ती भीती जाणवू नये यासाठीची.

अशा धडपडीचे काय होते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली एका साध्या प्रयोगातून दाखवले होते. त्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, आणि विचार आलाच तर घंटा वाजवायला सांगितली. घंटा वाजत राहिली. एवढेच नव्हे, तर नंतर विचार करण्याची मोकळीक दिल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल अधिकच वेळा आले. ‘त्याचा विचारच करू नकोस’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला या बायकांना का उपयोगी पडत नाही, याचे उत्तर त्या घंटेत आहे.

स्वीकार म्हणजे भोग नव्हे

येथून वेगळी वाट धरणाऱ्या उपचारपद्धतीला ‘स्वीकार आणि बांधिलकी’ उपचार म्हणता येईल. नेवाडा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात तिची मांडणी सुरू केली, आणि १९९९ साली तिच्यावरील त्यांचे पहिले सविस्तर पुस्तक आले. दुःखद विचार आणि भावना काढून टाकणे हे तिचे उद्दिष्टच नाही. त्या असतानाही माणसाला जे मोलाचे वाटते त्या दिशेने पाऊल टाकता यावे, एवढाच तिचा आग्रह आहे. या क्षमतेला त्यांनी ‘मानसिक लवचिकता’ असे नाव दिले. वादळात ताठ उभे राहणारे झाड मोडते आणि लव्हाळी वाचते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेच.

मराठी घरात ‘स्वीकार’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. आपल्याकडे स्वीकार म्हटले की ‘नशिबाचे भोग’, ‘प्राक्तन’, ‘देवाच्या मनात असेल ते’ हे शब्द पाठोपाठ येतात. ते हात टेकणे झाले. या उपचारातील स्वीकार हा परिस्थितीपुढे नव्हे, तर स्वतःच्या मनात उठणाऱ्या भावनेपुरता आहे. भीती आली आहे, छातीत धडधडते आहे, हे मान्य करायचे. गाठ लागली तर डॉक्टरांकडे जायचे नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. नवी गाठ, काही आठवडे न थांबणारे हाडांचे दुखणे, धाप लागणे, सततचा खोकला किंवा डोकेदुखी ही लक्षणे डॉक्टरांना सांगायचीच. ती सांगून, तपासून झाल्यावर रात्री दोन वाजता पुन्हा तीच उजळणी करणाऱ्या मनाचे काय करायचे, तेथे हा स्वीकार कामी येतो.

या पद्धतीतील काही अभ्यास पहिल्यांदा ऐकताना पोरकट वाटतात. उदाहरणार्थ, ‘कॅन्सर’ हा शब्द अर्धा मिनिट मोठ्याने आणि भरभर म्हणत राहायचे. काही वेळाने अर्थ गळून पडतो आणि नुसता आवाज उरतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टिचेनर यांनी शतकापूर्वी नोंदवलेला हा अनुभव येथे कामाला लावला आहे. दुसरा अभ्यास वाक्य बदलण्याचा. ‘माझा आजार परत येणार’ असे न म्हणता ‘माझा आजार परत येणार, असा विचार माझ्या मनात आला आहे’ असे म्हणायचे. विचार तोच राहतो, पण तो विचार आहे, बातमी नव्हे, हे ध्यानात येते. बसचे रूपक तर या पद्धतीत फार प्रसिद्ध आहे. आपण बसचे चालक. मागे बसलेले काही उतारू आरडाओरड करीत आहेत, ‘वळव, थांबव’ म्हणून धमकावत आहेत. त्यांना उतरवण्यासाठी बस थांबवून भांडत बसलो तर प्रवास तेथेच संपतो. त्यांचा कल्ला ऐकत का होईना, बस आपल्या रस्त्याने नेता येते. एस.टी.च्या प्रवासाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हे रूपक समजावून सांगण्याची गरज नसावी.

विचारांकडे असे थोड्या अंतरावरून पाहणे म्हणजे आपला साक्षीभावच की, असे कोणी म्हणेल. साम्य आहे खरे. फरक असा, की येथे कोणतीही साधना किंवा श्रद्धा अपेक्षित नाही आणि शेवट शांततेत नव्हे, तर कृतीत व्हावा अशी अपेक्षा आहे. म्हणूनच नावात ‘बांधिलकी’ आली. आजारापूर्वी आपल्याला काय महत्त्वाचे वाटत होते, हे गटात प्रत्येकीला विचारले जाते. गाणे शिकणे, भावाशी अबोला सोडणे, नातीला पोहायला नेणे. मग त्या दिशेचे या आठवड्यातले एक छोटे पाऊल ठरवायचे, भीती जाण्याची वाट न पाहता.

गटाचे बळ

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या शेली जॉन्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ‘कॅन्सर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार पूर्ण झालेल्या, परंतु आजार उलटण्याच्या भीतीने ग्रासलेल्या ९१ स्त्रियांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे स्वीकारावर आधारित गटोपचार मिळाले. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ आजारानंतरच्या जीवनाविषयी माहिती देण्यात आली. तिसऱ्या गटासाठी अर्ध्या तासाचे एकच मार्गदर्शन होते. भीती तिन्ही गटांत काही प्रमाणात उतरली. परंतु कार्यक्रम संपल्यानंतर सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा स्वीकाराचा गट इतर दोघांच्या बराच पुढे होता. शिकवणी संपल्यावर परिणाम विरत जाण्याऐवजी टिकून राहावा, ही लक्षणीय गोष्ट आहे. अर्थात हा अभ्यास लहान आणि प्राथमिक आहे. त्यावरून मोठे दावे करू नयेत.

एकेकीला स्वतंत्र भेटण्याऐवजी गट कशासाठी, याला खर्च आणि तज्ज्ञांची टंचाई ही व्यवहारी कारणे आहेतच. पण आपल्याकडे त्याहून मोठे कारण आहे ते लपवाछपवीचे. मुलीचे लग्न ठरताना अडचण नको म्हणून आईचा आजार नातेवाइकांपासून दडवला जातो. वस्तुतः स्तनाच्या कर्करोगांपैकी जेमतेम पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात. ब्लाऊजमध्ये बसवायचा कृत्रिम स्तन कोठे मिळतो, काखेतील ग्रंथी काढल्यावर हाताला येणाऱ्या सुजेवर कोणता व्यायाम करायचा, पती जवळ आला की अंग का आक्रसते, या गोष्टी ज्या बाईला सासूसमोर किंवा पुरुष डॉक्टरांसमोर बोलता येत नाहीत, ती आपल्यासारख्याच सात-आठ जणींत पहिल्यांदा तोंड उघडते. ‘हे मलाही होते’ हे दुसऱ्या रुग्णाच्या तोंडचे चार शब्द कोणत्याही समुपदेशकाला देता येत नाहीत.

गटाविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे, कारण त्याने अनेकींना अपराधी वाटायला लावले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार शरीरात पसरलेल्या या स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला गटात येत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्याचे त्यात दिसले. जगभर मोठी आशा निर्माण झाली. २००१ साली २३५ स्त्रियांवरील कॅनडातील अभ्यासात तसा फरक आढळला नाही, आणि २००७ साली स्पीगेल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहण्याचा आणि प्रतिकूल उत्तर छापण्याचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळच. मात्र गटात येणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या, हे कॅनडातील अभ्यासातही दिसले. तात्पर्य, मन खंबीर ठेवले नाही म्हणून आजार उलटला, असे कोणत्याही स्त्रीला सुनावण्यास शास्त्राचा आधार नाही.

गट चालवणे सोपेही नाही. कधी एखादीचा आजार खरोखरच परत येतो आणि तिची खुर्ची रिकामी राहते. नवखा संचालक अशा वेळी विषय बदलतो. जाणता संचालक त्या खुर्चीविषयीच बोलू देतो. आजार पसरलेल्या आणि उपचार नुकते संपलेल्या स्त्रियांना एकाच गटात बसवावे की नाही, याचा विचार म्हणूनच आधी करावा लागतो. प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाशिवाय, केवळ हौसेने, असे गट काढू नयेत.

गट प्रत्येकीसाठी पुरेसाही नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करुग्णांसाठी अशी सोय आहे, आणि २०२२ सालापासून केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना आपली टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असल्याचे न विसरता सांगावे. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे त्या गोळीचे शरीरातील कार्यक्षम रूपांतर रोखतात. डॉक्टरांना कल्पना असेल तर ते दुसरे औषध निवडू शकतात.