उल्लंघनाची शंका आली, पुढे काय?

खुल्या कोडचे कायदेकानून : लेखांक ७

मागच्या लेखात जीपीएल या परवान्याच्या अटी पाहिल्या. अटी एकदा कळल्या की त्या कुठे पाळल्या जात नाहीत, हेही दिसायला लागतं. राउटर, सेट-टॉप बॉक्स, स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर अशा कित्येक उपकरणांच्या पोटात लिनक्स असतो. खोक्यात मात्र परवान्याचा मजकूर सापडत नाही आणि सोर्स कोडचा कुठे पत्ता नसतो. इथेच काहीतरी पाणी मुरतंय, असं वाटतं. पण वाटणं वेगळं आणि कोणी दखल घेईल अशी तक्रार वेगळी.

साप समजून भुई धोपटू नका

काही गोष्टी उल्लंघनासारख्या दिसतात, पण तशा नसतात. जीपीएलखालचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायला मुभा आहे. ते बदलून फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं, कोणाला प्रत दिली नाही, तर सोर्स देण्याचं बंधन जीपीएल घालत नाही. (एजीपीएल या भावंडाचं तसं नाही. नेटवरून ते वापरणाऱ्यालाही बदललेला सोर्स मिळायला हवा.) एमआयटी किंवा बीएसडी परवान्याच्या कोडबद्दल तर सोर्स मागताच येत नाही. तिथे कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर गाळला असेल, तरच तक्रारीला जागा आहे.

लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली आहे, ती जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची. बायनरी विकणाऱ्या कंपनीपुढे ती दोन वाटा ठेवते. एक तर वस्तूसोबतच सोर्स द्या, नाही तर मागेल त्याला सोर्स देऊ अशी किमान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी द्या. त्यामुळे खोक्यात सोर्स नाही एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. मॅन्युअलची शेवटची पानं, सेटिंगमधला ‘लीगल’ किंवा ‘अबाउट’ हा भाग नीट वाचा, हमी बहुधा तिथेच असते. सोर्सही नाही आणि हमीही नाही, किंवा हमी आहे पण मागितल्यावर कंपनी हात वर करते, तेव्हा उल्लंघन म्हणता येतं. अर्धवट सोर्स देणं हा तिसरा प्रकार, आणि तो बराच दिसतो. बिल्ड आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही परवान्याने ‘सोर्स’मध्येच धरल्या आहेत.

पुरावा आधी गोळा करा

कंपनीने अपडेटसाठी ठेवलेली फर्मवेअरची फाइल उतरवून घ्या. बायनरीतला वाचता येणारा मजकूर बाहेर काढणारी ‘स्ट्रिंग्ज’ ही साधी कमांड तिच्यावर चालवा. फाइल दाबलेली असेल तर ‘बिनवॉक’सारख्या साधनाने आधी उलगडावी लागते. मग हजारो निरर्थक ओळींमधून एखादी बोलकी ओळ वर येते : ‘बिझीबॉक्स’ या जीपीएलखालच्या छोट्या कमांडच्या संचाचं नाव, पुढे आवृत्तीचा क्रमांक, कंसात बिल्डची तारीख. किंवा ‘लिनक्स व्हर्जन’ने सुरू होणारी ओळ. तिच्यात कर्नलची आवृत्ती, कंपायलर, कधी तर बिल्ड करणाऱ्या मशीनचं नावही असतं. तक्रारीचा कणा हीच ओळ.

तिच्यासोबत मॉडेल क्रमांक, हार्डवेअरची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती, खरेदीचं बिल आणि खोक्याचे व मॅन्युअलचे फोटो ठेवा. उतरवलेल्या फाइलचा चेकसम टिपून ठेवा. कंपन्या फाइली बदलतात, आणि नंतर ‘ती आमची फाइलच नाही’ असा वाद होऊ शकतो.

पहिलं पत्र कंपनीला

मजकूर सरळ असावा : ‘अमुक मॉडेल मी अमुक तारखेला घेतलं. त्याच्या अमुक आवृत्तीच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स आहे. जीपीएलनुसार त्यांचा संपूर्ण सोर्स, बिल्ड स्क्रिप्टसह, कसा मिळेल ते कळवावं.’ चोरी, कोर्ट, बदनामी हे शब्द त्यात नकोत. कस्टमर केअरला यातलं काही कळण्याची शक्यता कमी, म्हणून पत्र कायदा विभागाकडे पाठवावं, अशी विनंती शेवटी जोडा. उत्तर आलं तर ते जपा, नाही आलं तर पाठवल्याची पोच जपा.

एवढं नमतं का घ्यायचं? कारण कंपनीलाच पुष्कळदा आपल्या खोक्यात काय आहे ते ठाऊक नसतं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचं उदाहरण घ्या. २००३ साली त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स असल्याचं आणि सोर्स मिळत नसल्याचं उघडकीला आलं. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर सायबरटॅन या तैवानी कंपनीकडून आलेलं, आणि नाव लिंक्सिसचं. मालकी बदलली तशी जबाबदारीही सिस्कोच्या गळ्यात पडली. पाठपुराव्यानंतर त्याच वर्षी सोर्स बाहेर आला आणि त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. सगळं मात्र तिथे मिटलं नाही. इतर उत्पादनांवरून वर्षानुवर्षं बोलणी चालली. डिसेंबर २००८मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९मध्ये तडजोड झाली. परवान्यांच्या पालनावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र संचालक लिंक्सिससाठी नेमायचं सिस्कोने कबूल केलं.

दाद कोणाकडे मागायची?

परवाना अमलात आणायचा हक्क मुळात कॉपीराइट ज्याच्याकडे आहे त्याचा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ग्नू प्रकल्पातल्या स्वतःच्या कोडबद्दल कारवाई करू शकतं, दुसऱ्याच्या कोडबद्दल नाही. बिझीबॉक्ससारख्या प्रकल्पांसाठी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने लढे दिले आहेत. कर्नलचे लेखक तर हजारोंच्या घरात, पण त्यांतला एकही पुरतो. नेटफिल्टर हा कर्नलमधला फायरवॉलचा भाग. त्याचा एक लेखक हाराल्ड वेल्टे याने २००४ साली साइटकॉम कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, आणि जीपीएलच्या अटी न्यायालयात टिकतात हे दिसलं. भारतातही १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीच मानलं आहे. म्हणजे इथल्या लेखकालाही ही वाट मोकळी आहे.

ग्राहक म्हणून आपल्याला थेट दावा लावता येईल का, हा वेगळा प्रश्न. कॉन्झर्व्हन्सीने २०२१ साली कॅलिफोर्नियात व्हिझिओ या टीव्ही कंपनीला कोर्टात खेचलं ते याच मुद्द्यावर. तिथे ती कॉपीराइटची मालक म्हणून उभी राहिली नाही. ‘आम्ही टीव्ही विकत घेतला, सोर्स मिळणं हा आमचा कराराचा हक्क आहे’, अशी तिची मांडणी होती.

आरडाओरडा शेवटी

कंपनीने दाद दिली नाही की सोशल मीडियावर तिची लाज काढायचा मोह होतो. जाणते लोक तो आवरतात, कारण एकदा चव्हाट्यावर गेलं की कंपनीचे वकील पुढे होतात आणि सोर्स देऊ शकणारा इंजिनिअर गप्प बसतो. फाउंडेशन आणि कॉन्झर्व्हन्सीने २०१५मध्ये यासाठी तत्त्वंच जाहीर केली : उद्दिष्ट परवान्याचं पालन, कोर्ट हा अखेरचा उपाय, आणि पैसा हा हेतू नाही. याच्या उलट वागणारेही निघाले. जर्मनीत कर्नलच्या एका डेव्हलपरने कंपन्यांकडून रकमा वसूल करण्याचा सपाटा लावल्याचे आरोप झाले, तेव्हा २०१६मध्ये नेटफिल्टरच्या मुख्य चमूने त्याला निलंबित केलं. चूक सुधारायला वेळ देणं ही जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत अटच आहे. पहिल्यांदाच चुकलेल्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक निस्तरली, तर त्याचा परवाना पूर्ववत होतो. दुसऱ्या आवृत्तीत अशी सवलत नव्हती. रेड हॅट, आयबीएम, गूगल, फेसबुक यांनी २०१७मध्ये आपल्या कोडपुरती ती तिथेही देऊ केली.

लेखकाला किंवा संस्थेला कळवताना वरचा पुरावा, कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि नेमकी उणीव एवढंच एका पानात मांडा. तर्क आणि संताप बाजूला ठेवा. मग धीर धरा, या संस्थांकडे माणसं मोजकी आणि प्रकरणं उदंड. कधीतरी सोर्स हाती आला की तो बिल्ड करून पाहा. एखादी फाइल नसल्याने घोडं अडलं तर ती कोणती ते कळवा, आणि सुरळीत बिल्ड झाला तर तेही कळवा, म्हणजे त्यांना प्रकरण मिटवता येईल.

(पुढच्या आठवड्यात : हीच तक्रार तुमच्या कंपनीविरुद्ध आली, तर काय कराल?)